बोर्डो, कात आणि आमचं खाचर

‘बोर्डो’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बाबांच्या तोंडून. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. कर्जत तालुक्यात कडावच्या बाजूला आमचं गाव. परसात सुपारीची वीस-पंचवीस झाडं होती आणि पावसाळ्यात त्यांच्यावर कोळेरोग यायचा. कोवळी सुपारी गळून अंगणात सडा पडायचा. म्हणून मिरगाच्या तोंडावर बाबा दोन प्लास्टिकच्या बादल्या मांडून बसत. एकीत मोरचूद, दुसरीत कळीचा चुना. शंभर लिटर पाण्याला दोन्ही एकेक किलो, हे प्रमाण त्यांना पाठ होतं. आमच्या झाडांपुरतं ते त्याच हिशेबाने कमी करून घेत. दोन्ही पाणी एकत्र ओतलं की आभाळासारखा निळा रंग यायचा. मग बाबा विळ्याचं पातं त्यात बुडवून वर काढत. पात्यावर तांबूस थर दिसला तर म्हणत, “अजून चुना घाल रे.” थर दिसला नाही की फवारणी सुरू. “बोर्डो मारला, आता पाऊस कितीका पडेना,” असं म्हणून ते हात धुवायला जात.

बोर्डो म्हणजे सुपारीचं औषध, एवढंच मला ठाऊक होतं. ते फ्रान्समधल्या एका शहराचं नाव आहे हे कळायला बारा-तेरा वर्षं जावी लागली. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून मी खालापूरच्या बाजूला, एक्सप्रेस वेपासून थोडं आत असलेल्या एका रिसॉर्टमध्ये स्टुअर्ड म्हणून लागलो होतो. एका लग्नासाठी रेड वाइनच्या पेट्या आल्या. पेटी उघडून बाटल्या मांडताना लेबलावर तो शब्द दिसला आणि मला एकदम मोरचुदाचा वास आठवला.

पुढे वाचलं, तेव्हा दोन्हींचा संबंध उलगडला. १८८० च्या दशकात बोर्डोच्या द्राक्षबागांवर केवडा आला होता. मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून काही बागाईतदार त्यांच्यावर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडत. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं हिरवीगार राहिली आहेत. त्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध झाली. तेच पाणी गावाचं नाव घेऊन जगभर गेलं आणि आमच्या परसातल्या बादलीपर्यंत पोचलं. गावाचं नाव इतकं लांब चालत येऊ शकतं, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं. आज वीस वर्षं या धंद्यात काढल्यावरही ते नवल ओसरलेलं नाही.

त्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. लग्न मे महिन्यात होतं. बरगंडीच्या बारा बाटल्या मी दोन दिवस पत्र्याच्या छपराखालच्या कोठीत ठेवल्या. “रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यायची” एवढंच मला शिकवलेलं होतं. हे रूम टेंपरेचर युरोपातल्या जुन्या, थंड, दगडी घरांचं आहे, सोळा-अठरा अंशांचं आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कर्जत-खालापुरात मे महिन्यात पारा चाळिशीकडे सरकतो. पत्र्याखाली तर भट्टीच. तिसऱ्या दिवशी बाटल्या उघडायला गेलो, तर बुचं वर सरकलेली आणि त्यांच्या कडेने वाइन पाझरलेली. ग्लासात ओतली तर शिजवलेल्या मनुकांसारखा वास. एका वयस्कर पाहुण्यांनी मला बाजूला बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बाळ, ही उकडून गेलीय. पुढच्या वेळी रेडलाही बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेव.” त्यांनी तक्रार केली नाही. पण कोणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीची मी दोन दिवसांत माती केली, हे मला लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक बाटलीकडे पीक म्हणूनच पाहतो. आमच्याकडे आज बरगंडी चौदा-पंधरा अंशांवर, बोर्डो सतराच्या आसपास आणि बोजोले त्याहून थंड दिली जाते, आणि नव्या मुलांना मी पहिला धडा देतो तो थर्मामीटरचा.

त्यानंतर सात वर्षं मी क्रूझ जहाजावर काढली. तिथे वाइनचं रीतसर शिक्षण मिळालं. वर्गात निरनिराळ्या देशांची मुलं होती. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी कोवळी रेड वाइन सगळ्यांना चाखायला दिली आणि विचारलं, जिभेवर आणि हिरड्यांवर काय होतंय ते सांगा. कोणी आंबट म्हणालं, कोणी कडू. ते दोन्ही नव्हतं. जीभ कोरडी पडत होती, गाल आतून ओढले जात होते. माझ्या मनात शब्द तयारच होता: तुरट. कच्चं जांभूळ, हिरडा, सुपारी, पानातला कात. आपल्या सहा रसांत तुरटाला आंबट आणि कडूइतकाच मान आहे. जी चव ओळखायला इतरांना आठवडे लागले, ती मला आईने लहानपणी खोकल्यासाठी दाढेखाली धरायला दिलेल्या हिरड्याच्या तुकड्याने आधीच शिकवली होती.

हा तुरटपणा टॅनिनचा. द्राक्षाचा रस बहुतेक जातींत पांढुरकाच असतो, अगदी काळ्या द्राक्षाचाही. रंग आणि तुरटपणा असतो सालीत आणि बियांत. म्हणून रेड वाइन करताना रस सालीसकट आंबवतात. फुगून वर आलेला सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात आणि साल आपलं सगळं देऊन झाली की रस निथळून घेतात. या टॅनिनची साखळी ज्या द्रव्यांतून जुळते त्यांतल्या एकाचं नाव कॅटेचिन. हे नाव आलं कॅटेच्यू या शब्दावरून, म्हणजे आपल्या कातावरून. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला कातकरी वाडी आहे. खैराचं लाकूड उकळून कात पाडणारे म्हणून ते कातकरी. ब्रिटिश अमलात जंगलं राखीव झाली, तो धंदा तुटला आणि ही माणसं वीटभट्ट्यांवर नि कोळसा पाडायला पांगली. ज्यांच्या हातच्या वस्तूचं नाव जगाच्या रसायनशास्त्रात गेलं, त्यांच्या वाडीत आजही उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट आहे. कॅटेचिन हा शब्द शिकवताना मी पोरांना ही वाडीही दाखवतो.

शिकता शिकता एक गोष्ट लक्षात आली. फ्रेंच माणूस बाटलीवर बहुधा द्राक्षाची जात लिहीत नाही, जागेचं नाव लिहितो. पोमेरोल, मार्गो, शिनों, मोर्गों, एर्मिताज. ही गावांची, वाड्यांची, टेकड्यांची नावं आहेत. आत कोणतं द्राक्ष आहे ते जागेवरून ओळखायचं. पाहुण्यांना हे अवघड जातं. मला सोपं गेलं, कारण बाबा भाताबद्दल असंच बोलत. “माळाचा भात न् खाचराचा भात काय सारखा? शिजल्यावर सांगतो मी.”

बोर्डो समजायला तर मला आमचीच शेती उपयोगी पडली. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या तिथे एकत्र येऊन जिरोंदची खाडी होते. डाव्या तीरावर, मेदोकमध्ये, गोट्यांची रेताड जमीन. पाणी लगेच निचरतं, ऊन धरून ठेवते. तिथे उशिरा पिकणारं काबेर्ने सोव्हिन्यों चांगलं होतं. उजव्या तीरावर, सेंत-एमिल्यों आणि पोमेरोलला, चिकणमाती आणि चुनखडी. तिथे लवकर पिकणाऱ्या मेर्लोचं राज्य. बहुतेक शेतकरी दोन्ही लावतात आणि वाइनमध्ये मिसळतात. एका जातीला पावसाने गाठलं तर दुसरी तारते. हे ऐकल्यावर मी मनात म्हटलं, मेर्लो म्हणजे हळवं आणि काबेर्ने म्हणजे गरवं. आमच्याकडे वरकस जागी हळवं भात, खोलगट ओलीत गरवं आणि मधे निमगरवं, हा हिशेब प्रत्येक घरात असतो. पाऊस लवकर गेला तरी घरात दाणा यावा म्हणून. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी आभाळाकडे बघूनच हे ठरवलेलं आहे.

१८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्डोच्या वाइनची प्रतवारी मागवली. दलालांनी बाजारभाव बघून पाच पायऱ्या पाडल्या. त्या यादीत मोठा बदल एकदाच झाला: १९७३ मध्ये मूतों रोथशील्ड दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर गेलं. बड्या पार्ट्यांत याच नावांना मागणी असते. मी आदराने वाढतो. पण माझा जीव बरगंडीत जास्त रमतो.

बरगंडीत मुख्य काळं द्राक्ष एकच, पिनो न्वार. जात एक, तरी बांधागणिक नाव वेगळं आणि भाव वेगळा. जगातल्या सर्वांत महागड्या वाइनपैकी एकीचं शेत, रोमाने-कोंती, जेमतेम साडेचार एकरांचं आहे. त्याच पट्ट्यात क्लो द व्हूजो नावाचं दगडी कुसाने वेढलेलं सव्वाशे एकरांचं रान आहे. बाराव्या शतकापासून सिस्टर्शियन मठाच्या साधूंनी ते घडवलं. राज्यक्रांतीत मठाच्या जमिनी जप्त झाल्या, लिलावात गेल्या. पुढे विक्री आणि समान वाटणीचा वारसा कायदा यांमुळे तुकडे पडत गेले. आज त्या एका कुंपणात ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाकडे काही ओळीच.

हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. आजोबांचं एक खाचर तीन चुलत्यांत, मग त्यांच्या मुलांत, मग लग्न होऊन गेलेल्या आत्यांत. भाऊबंदकीने गावागावांत माणसं बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. क्लो द व्हूजोच्या मालकांतही सगळं गोड असेल असं मी म्हणत नाही. पण ऐंशी वाटण्या होऊनही त्यांनी एक गोष्ट वाटून घेतली नाही: त्या रानाचं नाव. प्रत्येक जण आपापली वाइन करतो, कोणाची उत्तम, कोणाची बेताची, पण वर नाव एकच. आमच्याकडे जमीन तीन वाटण्यांत गेली की चौथ्या वाटणीला ती एन.ए. प्लॉट होते आणि तिचं नाव ‘फेज टू’ पडतं.

एकदा जहाज मार्सेय बंदरात रात्रभर थांबणार होतं. मला सुट्टी मिळाली. रेल्वेने आव्हिन्यों गाठलं आणि तिथून शातोनफ-द्यु-पापला गेलो. सप्टेंबर अखेर, तोडणीचे दिवस. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंला राहत, त्यांच्या उन्हाळी वाड्याचे अवशेष टेकडीवर आहेत आणि खाली शेतं. त्या शेतांत माती जवळपास दिसतच नाही. मुठीएवढे, नारळाएवढे गुळगुळीत गोटे पसरलेले. रोन नदीने कोणे एके काळी आणून टाकलेले. वेली मंडपावर नाहीत, तारेवरही नाहीत. गुडघ्या-कमरेइतकी ठेंगणी झुडपं, कारण तिथे मिस्त्राल नावाचा वारा सुटतो. संध्याकाळी मी एका गोट्यावर हात ठेवला, तो अजून कोमट होता. तोडणी करणाऱ्या एका बाईने माझ्या हातावर चार मणी ठेवले. टपोरे नव्हते, सीडलेस नव्हते. बारीक, जाड सालीचे, बियांनी भरलेले. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी मणी चावला, तोंड तुरट झालं, आणि ती हसली.

या गावानेच कायद्याची वाट दाखवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरची स्वस्त वाइन त्यांच्या नावाने विकली जात होती. १९२३ मध्ये बॅरन ल रॉय यांच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी स्वतःला नियम घालून घेतले: हद्द कोणती, जाती कोणत्या, छाटणी कशी, खराब मणी वेगळे कसे काढायचे. १९३५ मध्ये फ्रान्सने देशभरासाठी तसा कायदा केला आणि १९३६ मध्ये या गावाच्या नावाला संरक्षण मिळालं. तिथे आजही तोडणी हातानेच करावी लागते आणि हेक्टरी पस्तीसशे लिटरपेक्षा जास्त वाइन त्या नावाने काढता येत नाही. म्हणजे एकरी चौदाशे लिटर. नावासाठी शेतकऱ्याने पीक कमी घ्यायचं, हे मला पहिल्यांदा पटलं नव्हतं. त्या गोट्यांवर उभं राहून पटलं.

बाबा आजारी पडले तेव्हा मी परत आलो. आता कर्जत तालुक्यातल्याच एका रिसॉर्टमध्ये वाइनचं आणि रेस्टॉरंटचं काम बघतो. आई माळकरी. तिला माझं काम कधी आवडलं नाही. “जेवण वाढतोस ते चांगलं, पण ते लाल पाणी कशाला ओततोस?” असं ती विचारते, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. हातभट्टीने उठलेले संसार आमच्या पंचक्रोशीत कमी नाहीत. वाइन महाग आहे म्हणून ती दारू नव्हे, असं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. चाखतो आणि थुंकतो, तो कामाचा भाग आहे. तिसरी बाटली कोणाच्या गळ्यात मारत नाही. पाहुणा रात्री घाटाने किंवा एक्सप्रेस वेने गाडी हाकत जाणार असेल, तर जेवणाआधीच नम्रपणे चालकाचं विचारून घेतो.

पाहुणे विचारतात, इथे का नाही लावत द्राक्षं? खालापूरच्या एका जमीनमालकांनी तर डोंगरउतारावर बाग करायचं ठरवूनच मला बोलावलं होतं. मी त्यांना सांगितलं, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बोर्डोत हजारच्या आत. केवडा आणि भुरी वेलीला उभं राहू देणार नाहीत. द्राक्षं बघायची तर नाशिकला जा. मी स्वतः तिथे तोडणीच्या दिवसांत राहून आलो आहे. तिथे वेलीला हिवाळ्याची झोप नसते म्हणून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये पहाटेच्या गारव्यात तोडतात. वेली बहुधा डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेल्या. हा खुंट अमेरिकन. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हा फ्रान्सनेही अमेरिकन खुंटांवर कलमं बांधूनच त्या वाचवल्या. आमच्याकडे नारायणगावला चौगुल्यांनी १९८० च्या दशकात सुरुवात केली, नाशिकला राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाइन २००० मध्ये आली, अकलूजला फ्रातेल्ली आहे. नाशिकची शिराझ म्हणजे एर्मिताजच्या टेकडीवरची सिराच. पण ती एर्मिताजसारखी लागत नाही आणि लागूही नये. तिला नाशिकची माती आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा मला घरचं कोणीतरी पास झाल्यासारखा आनंद झाला.

आणि मग मी आमच्या घरच्या पोत्यांकडे पाहिलं. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ या त्यांच्या जाती दूरदूरचे शेतकरी लावतात. बियाण्याच्या पिशवीवर कर्जतचं नाव असतं. पण त्याच कर्जतच्या खाचरात पिकलेला तांदूळ गिरणीतून व्यापाऱ्याकडे गेला की त्याचं गाव पुसलं जातं. आमच्या भागात भिवपुरीच्या वीजघरातून उतरणारं पाणी राजनाल्याने शेतात येतं, म्हणून उन्हाळीही भात होतो. असं पाणी, अशी माती किती ठिकाणी आहे? आमच्याच जिल्ह्यातल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याने आपलं नाव कायद्याने मिळवलं. मग आपण काय करतो आहोत? पनवेल-कर्जत रेल्वेमुळे जमिनीच्या चौकशीला गाड्या येतात. विकणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. मुलीचं लग्न, आजारपण, कर्ज, हे मला माहीत आहे. माझी नोकरीसुद्धा अशाच एका विकलेल्या जमिनीवर उभी आहे. म्हणूनच मला बोलणं भाग आहे.

बाबा आता शेतात जात नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्याजवळ वही घेऊन बसलो आणि आमच्या शेतांची नावं विचारली. त्यांनी न अडखळता सांगितली: वडाचं खाचर, लांबडी, खालची ओल, देवाचा वाफा, म्हातारीची पाटी. कोणती म्हातारी, कोणता देव, तेही सांगितलं. वडाच्या खाचरातला भात मी वेगळा झोडला, वेगळा भरडून आणला आणि दहा-दहा किलोच्या पिशव्या भरल्या. पिशवीवर जात, गाव, खाचराचं नाव आणि साल लिहिलं. चाळीस पिशव्या झाल्या. आमच्या रिसॉर्टच्या शेफने वीस घेतल्या, बाकीच्या पाहुण्यांनी. कोणीही भाव पाडून मागितला नाही.

वाचणाऱ्यांतल्या ज्यांच्या घरी अजून शेत आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि आपल्या प्रत्येक तुकड्याचं नाव विचारून लिहून ठेवा. सातबाऱ्यावर गट नंबर मिळतो. खाचराचं नाव तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.